रुमालबुवांचे अचूक भाकीत

रुमालबुवा ज्या पिल्लाकडे बोट दाखवून ‘आता याची पाळी’ असे म्हणत, ते पिल्लू आठवडा उलटायच्या आत आजारी पडत असे.

ही गोष्ट शहराच्या कडेला असलेल्या प्राण्यांच्या निवाऱ्यातली आहे. रविवारी सकाळी मी तिथे पोचलो तेव्हा फाटकाबाहेर रांग लागली होती. कोणाच्या टोपलीत मांजर, कोणाच्या कडेवर कुत्रे. एका गृहस्थाने कासव आणले होते; कासवाचे भविष्य जाणून घेण्याची एवढी घाई कोणाला असावी, हे मला आजतागायत उलगडलेले नाही. रांगेत बुवांच्या कीर्तीची देवाणघेवाण चालू होती आणि प्रत्येक तोंडातून बाहेर पडताना ती थोडी धष्टपुष्ट होत होती. पुढच्या बाईंच्या मते बुवांचे दहापैकी नऊ अंदाज खरे ठरत. त्यांच्या मागच्या माणसाने दहाही केले. मी रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत बुवांना माणसांचेही कळू लागले होते.

मला तिथे बोलावले होते माझ्या भाचीने. ती या निवाऱ्याची पशुवैद्य. मी निवृत्त होईपर्यंत महाविद्यालयात विषाणूशास्त्र शिकवले, आणि घरात कोणाला शिंक आली तरी ‘मामाला विचारा’ असे म्हणण्याची आमच्याकडे पद्धत आहे. पण या वेळी फोनवर तिचा आवाज वेगळा होता.

निवाऱ्यात पार्व्होची साथ आली होती. कुत्र्यांच्या पिल्लांचा हा आजार वाईट: उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि बघता बघता पिल्लू चिपाडासारखे होते. लस आहे, पण ती अंगी लागायला वेळ लागतो, आणि अगदी कोवळ्या पिल्लांना तर एका डोसाने भागत नाही. भाचीने आजारी पिल्लांची खोली वेगळी केली, सलाईन लावली, रात्रीचा दिवस केला. काही वाचली, काही गेली. अशा वेळी निवाऱ्याच्या अध्यक्षबाई बुवांना घेऊन आल्या.

अध्यक्षबाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवतो. निवारा त्यांनी स्वतःच्या उमेदीवर उभा केला होता आणि रस्त्यावरचे लूत भरलेले कुत्रे त्या स्वतःच्या शालीत गुंडाळून आणत. कामाचा त्यांचा एकच दंडक होता: आधी आजारी, मग निरोगी. ज्याला जास्त दुःख, त्याच्याकडे आधी जायचे. त्यामुळे सगळे कर्मचारी सकाळी प्रथम आजारी खोलीत जात, तिथल्या जिवांना गोंजारत, पुसत, आणि मग त्याच हातांनी, त्याच फडक्यांनी पुढच्या खोल्यांकडे वळत. भाचीने हा क्रम उलटा करायला सांगितले होते. अध्यक्षबाईंना ते माणुसकीला सोडून वाटले.

बुवांनाही हाच क्रम मानवला. त्यांची पद्धत मी त्या दिवशी काचेतून नीट पाहिली. अंगात पांढरा सदरा, दाढी विंचरलेली, चेहऱ्यावर जगाची कीव आल्यासारखे स्मित. खांद्यावर जांभळा रेशमी रुमाल. आजारी खोलीत जाऊन ते एकेका पिल्लाचे तोंड त्या रुमालाने हळुवार टिपत. याला ते ‘आजाराशी बोलणे’ म्हणत.

“मी काही करत नाही हो,” ते जमलेल्यांना सांगत होते, “मी नुसता ऐकतो. आजार म्हणजे वाटसरू. त्याला प्रेमानं विचारलं, की बाबा रे, पुढचा मुक्काम कुठं, तर तो सांगतो. रुमालाच्या कानात सांगतो.”

रुमालाला कान असतात हे ऐकून कोणीही दचकले नाही. मग बुवा निरोगी पिल्लांच्या खोलीत गेले आणि तो रुमाल एकेका पिंजऱ्यापुढे धरू लागले. बहुतेक पिल्ले हुंगून मागे सरली. एक तपकिरी पिल्लू मात्र पुढे आले आणि रुमालाचे टोक मनापासून चाटू लागले. बुवांनी डोळे मिटले. पिल्लाने रुमालाला ओळख दिली होती. आता याची पाळी.

गर्दीतून एक उसासा निघाला. तो दुःखाचा होता, पण त्यात समाधानही होते.

यातली सोय अशी, की बुवांना हरता येणे शक्यच नव्हते. निवडलेले पिल्लू आजारी पडून गेले, तर बुवांचे बोल खरे ठरले. आजारी पडलेच नाही किंवा पडून वाचले, तर बुवांची कृपा. छापा पडला तर मी जिंकलो, काटा पडला तर तू हरलास, असा तो डाव होता. मी भाचीला हसत हसत हेच सांगू लागलो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, साथीत अशीही बरीच पिल्ले आजारी पडणारच, वगैरे. तिने मला मध्येच थांबवले.

“मामा, तेवढं मलाही कळतं. मी मोजून पाहिलंय. ज्यांच्याकडे तो बोट दाखवतो ती जवळजवळ सगळी पडतात. बाकीच्यांतली थोडीच. तो खरंच ओळखतो. म्हणून तर तुला बोलावलं.”

मी विचारले, त्याला आधी काही लक्षण दिसत असेल का? जनावरांत मुरलेल्या माणसाला कधी कधी दिसते. तिने तेही तपासले होते. बुवांनी बोट दाखवल्याबरोबर तिने पिल्लांचा ताप पाहिला, शी तपासली. सगळी ठणठणीत होती. म्हणजे ओळखण्यासारखे त्या क्षणी काही नव्हतेच. योगायोग नाही आणि लक्षणही नाही. मग उरले काय?

मी काचेपलीकडे पुन्हा पाहिले. तपकिरी पिल्लू अजून जिभल्या चाटत होते. मग कावळा आणि फांदीची म्हण मला या जागी अगदीच लंगडी वाटू लागली. इथे कावळा फांदीवर नुसता बसत नव्हता. तो ती कुरतडत होता.

मी खोलीत जाऊन बुवांना नमस्कार केला आणि अत्यंत नम्रपणे विचारले, हा रुमाल धुता कधी? बुवांना माझी दया आली. सिद्ध वस्तू धुतली की सिद्धी वाहून जाते, असे त्यांनी सांगितले. तो कधीच धुतला नव्हता. मी तो पाहायला मागितला आणि भक्तिभावाने नाकाशी नेला. मधल्या भागाला आजारी खोलीचा तो ओळखीचा आंबूस वास होता. एका टोकाला मात्र कलेजीचा वास येत होता. मी रुमाल परत दिला आणि तडक नळाखाली हात धरले. बुवांच्या कपाळाला आठी पडली. त्यांचा आशीर्वाद मी साबणाने घालवत होतो.

रुमालाची दोन टोके आणि एक मध्य यांतच सगळे आले होते. पण हे मी कोणाला सांगणार? ज्याचे भाकीत खरे ठरते त्याच्यापुढे ज्याचे नुसते म्हणणे खरे आहे तो माणूस फिका पडतो. अध्यक्षबाई भाचीला तोंडावर म्हणाल्या होत्या की तुझे औषध आजार झाल्यावर धावते, बुवांना आधी कळते.

आणि वेळ कमी होता. मागच्या खोलीत चार पिल्ले होती. आई रस्त्यावर गाडीखाली गेलेली. डोळे उघडण्याआधीपासून भाचीने त्यांना बाटलीने दूध पाजून वाढवले होते. आता कुठे ती धडपडत चालू लागली होती. लस द्यावी एवढे त्यांचे वय नव्हते, आणि आईच्या दुधातून मिळते ते संरक्षणही त्यांच्या वाट्याला आले नव्हते. त्या खोलीत भाचीखेरीज कोणी जात नसे. तीही अंघोळ करून, कपडे आणि चपला बदलून, दिवसाचे पहिले काम म्हणून जाई. दाराला कुलूप होते आणि किल्ली तिच्या गळ्यात. पुढच्या रविवारी निवाऱ्याच्या हितचिंतकांचा मेळावा होता आणि त्यांच्यासमोर बुवा त्या चौघांचे भवितव्य वाचणार, असे अध्यक्षबाईंनी जाहीर करून टाकले होते. भाचीने नकार दिला. त्यावर तिला शांतपणे सांगण्यात आले की किल्ली दिली नाहीस तर रविवारनंतर येऊ नकोस.

“नोकरी गेली तरी चालेल,” ती मला म्हणाली. “पण मी गेले की किल्ली त्यांच्याकडेच जाणार ना. मग पिल्लांना कोण वाचवणार?”

मी तिला म्हणालो, भांडू नकोस. अध्यक्षबाईंना बुवांचा चमत्कार दाखवायचाच आहे ना? दाखवू दे. फक्त मला तयारी करू दे.

मी अध्यक्षबाईंना जाऊन भेटलो आणि म्हणालो की एवढे मोठे सामर्थ्य पाहुण्यांना घाईघाईत दाखवणे बरे नव्हे. आधी बुवांनी सभागृहात मोठ्या कुत्र्यांवर प्रयोग करावा, सर्वांना रुमालाची पद्धत नीट दिसू द्यावी, मग मागच्या खोलीकडे जावे. शिकल्यासवरल्या माणसाला अखेर शहाणपण सुचले, याचा त्यांना आनंद झाला. बुवांना तर मोठा प्रेक्षकवर्ग म्हणजे पर्वणीच. कुत्रे कोणते निवडायचे ते भाचीने ठरवले: सगळे पूर्ण लस झालेले, किंवा हाच आजार भोगून बरे झालेले. त्यांना त्या रुमालापासून धोका नव्हता.

आजाऱ्याची भूमिका ‘आजोबा’ नावाच्या म्हाताऱ्या कुत्र्याने करायची होती. दिवसभर हलायचे नाही, एवढीच त्या भूमिकेची मागणी असल्यामुळे ती त्याला उत्तम साधली. सकाळी आम्ही त्याच्या गादीवर आणि तोंडाभोवतीच्या केसांवर एक भुकटी हलकेच लावली. परिचारिकांना हात धुण्याचे शिक्षण देताना वापरतात ती ही निरुपद्रवी भुकटी. साध्या उजेडात डोळ्यांना दिसत नाही. अतिनील दिव्याखाली हिरवी चमकते. माझ्या जुन्या प्रयोगशाळेतून ती आणि दिवा दोन्ही मागून आणले होते.

मेळावा भरला. बुवांनी वाटसरूची कथा पुन्हा सांगितली. या वेळी आजार नुसता वाटसरू न राहता रुसलेला पाहुणा झाला होता. आजोबाचे तोंड रुमालाने टिपले गेले. आजोबाने एक डोळा उघडून बुवांकडे पाहिले आणि पुन्हा मिटला. मग रुमाल रांगेतल्या कुत्र्यांपुढे फिरला. दोघांनी चाटला आणि दोघांवर पाळी आली. ‘फौजदार’ नावाच्या काळ्या कुत्र्याने दुरूनच दात दाखवले, तेव्हा रुमाल त्याच्या वाटेला न जाता पुढे सरकला. सगळ्यांवर सारखे प्रेम करणारे बुवा चावणाऱ्यांच्या बाबतीत व्यवहारी होते.

मग लोक आशीर्वादासाठी पुढे आले. बुवांनी प्रत्येकाच्या कपाळाला रुमाल लावला. चहा आला, बिस्किटे आली. माणसे एकमेकांशी हात मिळवत होती, कुत्र्यांना गोंजारत होती, पाठीवर थापा मारत होती. त्या गडबडीत अध्यक्षबाई काही क्षण बाहेर जाऊन आल्या. आल्या त्या सरळ भाचीसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

“डॉक्टर, किल्ली.”

भाचीने माझ्याकडे पाहिले. मी पडदे ओढायला सांगितले. पाहुण्यांना वाटले, बुवांचा आणखी एखादा चमत्कार आहे. मी दिवा लावला.

पहिल्यांदा दाढी दिसली. बुवांची दाढी हिरव्या तेजाने उजळून निघाली होती आणि कोणीतरी भक्तिभावाने ‘अहाहा’ असे म्हणालेही. मग दिवा फिरला आणि तो ‘अहाहा’ अर्ध्यावर विरला. लोकांची कपाळे चमकत होती. त्यांची बोटे चमकत होती. ज्यांच्यावर पाळी आली होती त्या दोन कुत्र्यांची नाके चमकत होती, आणि ज्या कुत्र्यांना रुमाल लागला नव्हता पण माणसांनी गोंजारले होते त्यांच्या पाठीही. कपांचे कान चमकत होते. एका बाईंच्या हातातले अर्धे बिस्कीट चमकत होते. उरलेले अर्धे कुठे गेले असावे याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर सावकाश उमटला. सगळ्यांनी कप खाली ठेवले. खोलीत एकच प्राणी स्वच्छ होता. तो फौजदार.

मी सांगितले की ही भुकटी सकाळी फक्त आजोबाच्या अंगावर आणि गादीवर होती, दुसरीकडे कुठेही नाही. आजोबाला काही झालेले नाही, आणि पार्व्हो माणसांना होतही नाही, म्हणून कोणी घाबरू नये. पण त्याच्या जागी आजारी पिल्लू असते, तर भुकटीऐवजी विषाणू असता, आणि विषाणूला चमकण्याची सवय नसते.

बुवा सावरले. आवाज मुळीच न चढवता ते म्हणाले की ही शुद्ध धूळफेक आहे, या माणसाने पावडर टाकून सभेला फसवले.

“भुकटी माझी, बुवा,” मी म्हणालो. “वाट तुमची. मी फक्त तिला रंग दिला.”

मग त्यांनी शेवटचे शस्त्र काढले. हात हाताला लागतो, कबूल. पण रुमालाला ओळख कोण देतो? कुत्रा स्वतः. त्याला कोणी शिकवले नव्हते. हा प्रश्न रास्त होता, म्हणून मी त्यांना रुमाल फौजदारापुढे धरायला सांगितले. त्यांनी जो कोपरा पुढे केला तो मी थांबवला आणि दुसरा धरायला विनंती केली. बुवा का कू करू लागले, तसा मीच हातमोजा घालून तो कोपरा धरला. जन्मात कोणाला जवळ येऊ न दिलेला फौजदार उठला, जवळ आला, त्याने तो कोपरा चाटला, आणि मग चाटण्याने समाधान न झाल्याने रुमाल दातांत धरून ओढू लागला. बुवांनी दुसरे टोक पकडले. ही रस्सीखेच फौजदाराने जिंकली. ओढाताणीत बुवांच्या खिशातून एक छोटी बाटली पडली. भाचीने ती उघडून हुंगली.

“कलेजीचं पाणी,” ती म्हणाली. “आमच्याच स्वयंपाकघरातलं. आजारी पिल्लांनी तोंड लावावं म्हणून मी उकळून ठेवते.”

हशा पिकला, पण अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातला दिवा घेतला आणि त्या बोळात गेल्या. आम्ही मागोमाग गेलो. भिंतीवर कुठे कुठे हिरवे ठिपके होते. मागच्या खोलीच्या दाराशी त्या थांबल्या. कडीवर पाच बोटांचा ठसा उमटला होता, आणि तो कुलपापर्यंत गेला होता. त्यांनी आपला तळवा दिव्याखाली धरला. तोही चमकत होता. आतून पिल्लांची कुईकुई ऐकू येत होती. दाराशी कोणी आले की त्यांना वाटे, दूध आले.

त्यांनी हात खाली घेतला. मग हळूच म्हणाल्या, “कुलूप नसतं तर मी त्यांना उचलून घेतलं असतं. मला वाटलं, बुवा येण्याआधी जरा मांडीवर घ्यावं.”

 त्या वळल्या आणि त्यांनी भाचीला विचारले, आता मी काय करू? भाचीने सांगितले, आधी हात साबणाने खळखळून धुवा. हातावर चोळायच्या त्या सॅनिटायझरने हा विषाणू मरत नाही. कडी, भिंत, फरशी आधी घासून, मग ब्लीचच्या पाण्याने पुसायची. आणि उद्यापासून कामाचा क्रम उलटा. आधी सगळ्यात लहान आणि निरोगी, शेवटी आजारी. प्रत्येक खोलीचा एप्रन, चपला, फडकी वेगळी. त्यांनी प्रत्येक गोष्टीला मान हलवली. फक्त क्रमाची गोष्ट ऐकताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, कारण जी वाट मायेची म्हणून त्या इतकी वर्षे शिकवत आल्या होत्या, तीच विषाणूने धरली होती.

रुमाल फौजदाराच्या तोंडातून बऱ्याच मिनतवाऱ्यांनी सोडवला गेला आणि अध्यक्षबाईंनी स्वतः चिमट्याने ब्लीचच्या बादलीत बुडवला. त्याचा जांभळा रंग आणि सिद्धी दोन्ही एकदमच उतरली. बुवांनी तो परत मागितला नाही. फाटकाबाहेरची रांग त्यांच्याकडे पाहत होती आणि ते कासवाचा आदर्श न घेता वेगाने निघून गेले.

बुवांना आपण काय करतो आहोत हे ठाऊक होते का, असे मला अनेकांनी विचारले. माझ्या मते अर्धेच. कलेजीच्या पाण्याने पिल्लू चाटणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तेवढी ठगबाजी त्यांची स्वतःची. साथ चालू आहे, बोट दाखवलेली बरीच पिल्ले आपोआप आजारी पडतील, असा त्यांचा हिशोब असावा. पण भाकिते इतकी अचूक का ठरतात, याचे त्यांनाही मनातून नवल वाटत असावे. कदाचित त्यांचा स्वतःवर थोडा विश्वासही बसला असेल. खोट्या माणसाचे बोल खरे ठरू लागले, की पहिला भक्त तो स्वतःच होतो.

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे आहे. कोणाचे भाकीत खरे ठरले तर टाळी वाजवण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा: ते खरे ठरण्यात भाकीत करणाऱ्याचा हात किती? आणि त्या हाताला काय लागले आहे, हे शक्य तर दिव्याखाली पाहावे. त्यासाठी विषाणूशास्त्र शिकावे लागत नाही. प्रश्न विचारण्याची लाज वाटू न देणे पुरते.

त्या निवाऱ्यातली पिल्ले पार्व्होच्या विषाणूने आजारी पडत होती. आजारी पिल्लांच्या उलटीतून आणि शीतून तो रुमालाला लागत होता. तो रुमाल कधी धुतला जात नव्हता आणि या विषाणूला कापडावर दीर्घकाळ जिवंत राहता येते. कलेजीच्या वासाने ओढले जाऊन जे पिल्लू रुमाल चाटत होते, त्याच्या पोटात तो थेट जात होता. त्याला पुरते संरक्षण नसेल तर ते आठवड्याच्या आत आजारी पडत होते. बुवा ज्या पिल्लाकडे बोट दाखवत ते पिल्लू आजारी पडे, कारण त्याला तो आजार बुवांनीच दिलेला असे.